शाळेची प्रतवारी आणि मुलाची बोली

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि भाषा व गणित यांच्या चाचण्यांवरून शाळांची प्रगती मोजली जाऊ लागली. शाळेची तुलना तिच्याच पूर्वस्थितीशी करावी, हे तत्त्व रास्तच होय. परंतु नवापूर तालुक्यातील विसरवाडीच्या परिसरात घरी मावची बोलणारे मूल प्रमाण मराठीतील उदाहरणापाशी अडले, तर ते गणितात अडले की भाषेत, हे गुणांवरून कळत नाही. इंग्लंडात १८६२ पासून निकालावर अनुदान ठरू लागले, तेव्हा परीक्षेपुरती घोकंपट्टी बोकाळली. चाचणी हे निदानाचे साधन आहे. तिच्याकडून निवाडा घेऊ लागताच निदान मागे पडते. मुलाच्या बोलीतून तोंडी परीक्षण केल्यावाचून अशा शाळेस मागास ठरविणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.