दान की देणे?

इस्लामी अर्थविचारात सरकारी खर्चाची जी तत्त्वे सांगितली आहेत, ती प्रत्यक्षात कितपत पाळली गेली, हे पाहावयाचे तर खानदेशच्या वाचकांस फार दूर जावयास नको. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी मोगल अमदानीत ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळात शहाजहानचा मुक्काम तेथे होता. त्या दिवसांचा वृत्तान्त अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त आहे.

या ग्रंथास लावावयाची कसोटी आम्ही त्याच परंपरेतून घेतो. आठव्या शतकात काझी अबू यूसुफ याने खलिफा हारून अल-रशीद याच्यासाठी ‘किताब अल-खराज’ लिहिला. गरीब, कर्जबाजारी, वाटसरू इत्यादी आठ बाबींसाठी नेमलेले धर्मदेय जमीनमहसुलात मिसळू नये, मोठ्या नद्यांच्या बांधबंदिस्तीचा खर्च खजिन्याने सोसावा, असे तो सांगतो. खलिफा उमरने एका वृद्ध, अंध यहुदी भिकाऱ्यास खजिन्यातून नेमणूक करून दिल्याची कथाही तो देतो. तारुण्यात ज्याच्याकडून कर घेतला, त्यास म्हातारपणी टाकणे न्याय्य नव्हे, हे तिचे मर्म. सारांश, खजिना ही राजाची मिळकत नसून ठेव आहे, आणि तीवर गरजवंताचा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हक्क आहे.

लाहोरीने दुष्काळाचे भयानक रूप झाकले नाही. मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली गेली, माणसांनी माणसे खाल्ली, हेही तो लिहितो. दरबारी लेखकाच्या या प्रामाणिकपणास मान दिलाच पाहिजे. लंगर उघडले, महसुलात सूट दिली, दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले, हेही त्याने नोंदवले आहे. परंतु हे सर्व तो बादशहाचे औदार्य म्हणून वर्णितो. रयतेचेच धन रयतेस परत मिळाले, हा विचार त्यास शिवत नाही. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरासच निवर्तली. आग्र्यातील तिच्या कबरीचा खर्च तोच ५० लाख रुपये सांगतो. दोन्ही आकडे एकाच ग्रंथात आहेत. त्यांची तुलना मात्र त्यात नाही.

हा दोष एकट्या लाहोरीचा नव्हे. पेशव्यांच्या रमण्यातील दक्षिणेची वर्णने वाचतानाही, हा पैसा कोणाचा आणि त्यावर हक्क कोणाचा, हे आपण क्वचितच विचारतो. देणे हे दान म्हणून लिहिले गेले, की हिशेब मागण्याचा अधिकार लोपतो. उरते ती केवळ स्तुती.