हृदयशस्त्रक्रियेपूर्वीचा जिव्हाव्यायाम : एक चिकित्सा

हृदयशस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, घास वा पाणी गिळणे कठीण जाते. श्वासनलिकेत दीर्घकाळ राहिलेली नळी, अन्ननलिकेतून केली जाणारी हृदयाची सोनोग्राफी आणि स्वरयंत्राच्या चेतातंतूस होणारी इजा ही त्याची प्रमुख कारणे होत. अन्नकण श्वासमार्गात उतरल्यास न्यूमोनियाचा धोका असतो. म्हणून जीभ टाळूवर दाबून तिचे बळ आधीच वाढवावे, असा विचार पुढे आला आहे.

त्यास जोॲन रॉबिन्स व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासाचा आधार दिला जातो. ७० ते ८९ वयाच्या १० व्यक्तींनी ८ आठवडे व्यायाम केला आणि जिभेचा दाब वाढला. मात्र त्या व्यक्ती निरोगी होत्या. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. दाब वाढला म्हणजे गिळणे सुरक्षित झाले, असे नव्हे. स्वरतंतूच नीट मिटत नसतील तर बलवान जीभ काय करणार?

तरीही परतवाड्यासारख्या गावी हा विचार टाकाऊ ठरत नाही. हृदयशस्त्रक्रियेसाठी अमरावती वा नागपूरला जाणाऱ्या रुग्णाचा प्रतीक्षाकाळ घरीच जातो आणि या व्यायामास दाबमापक यंत्र नसले तरी चालते. तातडीच्या शस्त्रक्रियेपूर्वी अर्थात ८ आठवडे मिळणारच नाहीत.

नळी निघताच नातलग मायेने पाण्याचा घोट पाजतात. गिळणे बिघडलेल्या रुग्णास पातळ पाणीच अधिक धोक्याचे. ते श्वासमार्गात गेले तरी कित्येकदा ठसकासुद्धा लागत नाही. त्या घोटाआधी गिळण्याची तपासणी होणे व्यायामाहूनही निकडीचे आहे.