मोडलेलें नातें आणि इंग्रजी शब्द

सुशिक्षित मराठी घरांत भाजीच्या चवीपासून देवाधर्मापर्यंत सारें मराठींत बोललें जातें. परंतु मुलीचा संसार मोडला, भावाभावांचें बोलणें तुटलें किंवा जुना मित्र दुरावला कीं वाक्य एकाएकीं इंग्रजीकडे वळतें. ‘ती सेपरेट राहते’, ‘भावाशीं रिलेशन्स नाहींत’, ‘त्याच्याशीं आतां टर्म्स नाहींत’. कोणी यास मिरवण्याची हौस म्हणतात, कोणी मराठीचें दारिद्र्य. आम्हांस दोन्ही निदानें मान्य नाहींत.

दारिद्र्याचा आरोप त्र्यंबकेश्वरींच खोटा ठरतो. तेथें निवृत्तिनाथांची समाधि आहे व पौष वद्य एकादशीस वारकऱ्यांची यात्रा भरते. नाथांचे वडील विठ्ठलपंत पत्नीस मागें ठेवून संन्यासी झाले, गुरूच्या आज्ञेवरून पुनः संसारांत परतले, आणि त्यापायीं साऱ्या घरास समाजानें वाळीत टाकलें, अशी परंपरागत कथा आहे. पतिपत्नींची ताटातूट आणि आप्तांनीं फिरविलेली पाठ, हीं दोन्ही दुःखें सांगतांना कीर्तनकारास परका शब्द उसना घ्यावा लागत नाहीं. अबोला, बेबनाव, वितुष्ट, भाऊबंदकी, फारकत, काडीमोड यांतील प्रत्येक शब्द दुराव्याची निराळी पायरी दाखवितो.

मग अडतें कोठें? आमच्या मतें, यांपैकीं पुष्कळ शब्दांत निवाडा आधींच दिलेला असतो. ‘टाकलेली’ म्हणतांच, हिनें काय केलें असेल, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनांत उठतो; ‘टाकलेला’ नवरा मात्र भाषेंत रूढ नाहीं. ‘घटस्फोट’ हा आज कायद्याचा सभ्य शब्द. परंतु धर्मशास्त्रांत तो पतित नातलगास जिवंतपणींच मेलेला समजण्याचा विधि होता. दासीनें पाण्यानें भरलेला घट लाथेनें उलथवावयाचा आणि आप्तांनीं त्याच्याशीं बोलणेंचालणें बंद करावयाचें. मनुस्मृतीनें परतीची वाटही सांगितली आहे: प्रायश्चित्तानंतर आप्तांनीं त्याच्यासह पवित्र जलाशयांत स्नान करून नवा घट पाण्यांत सोडावा. आपण शब्द उचलला. परतीची वाट मात्र मागेंच राहिली.

अशा शब्दांपासून इंग्रजी आसरा देते, याचें ठळक उदाहरण पुढें डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचें. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या, परंतु पतीच्या घरीं राहावयास न गेलेल्या या बाईंवर दादाजी भिकाजींनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. १८८५ मध्यें रखमाबाईंनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’स ‘एक हिंदु स्त्री’ या अर्थाच्या इंग्रजी सहीनें पत्रें लिहिलीं. टोपणनांव आणि परभाषा असे दोन पडदे घेऊन त्या बालविवाहाविरुद्ध मोकळेपणीं बोलूं शकल्या.

परंतु तीच भाषा त्यांच्यावर उलटलीही. दाव्याचें इंग्रजी नांव वैवाहिक हक्कांच्या ‘पुनःस्थापने’चें होतें. जें कधीं स्थापनच झालें नव्हतें त्याची पुनःस्थापना कसली? न्या. पिन्ही यांनीं सप्टेंबर १८८५ मध्यें हें ओळखून दावा फेटाळला आणि ही कल्पना हिंदु शास्त्राची नसून इंग्लंडची आहे, असेंही दाखविलें. अपिलांत निकाल फिरला. मार्च १८८७ मध्यें, नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. १८८८ मध्यें दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलें. ‘ती तेथें नांदावयास गेलीच नव्हती’, या साध्या वाक्यांतलें सत्य त्या भारदस्त नांवाखालीं झांकून गेलें. इंग्लंडनें असा दावा १९७० च्या कायद्यानें रद्द केला. आपल्या १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमांत तो अद्याप आहे.

इंग्रजी शब्द निवाडा टाळतो, पण हकीकतही टाळतो. ‘सेपरेट राहते’ यांत मारहाण होती, उपेक्षा होती, कीं केवळ स्वभाव जुळले नाहींत, याचा पत्ता लागत नाहीं. आणि जिला माहेरच्या आधाराची गरज आहे तिचें दुःख त्या शब्दाआड सभ्यपणें पडून राहतें. म्हणून कथालेखकांस आणि कुटुंबांस आमची सूचना एवढीच कीं, जें घडलें तें सांगावें. ‘त्यानें तिला घराबाहेर काढलें’, ‘तिनें तें घर सोडलें’, ‘वाटणींत भावावर अन्याय झाला’, ‘मित्राचे पैसे आम्हीं परत केले नाहींत’. हीं वाक्यें घरांतल्यांस ऐकावयास जड जातील. परंतु तीं ऐकल्यावर पुढें काय करावयाचें, हेंही त्यांस कळेल.