पी. साईनाथ यांचे ग्रामीण वृत्तलेखन : एक चिकित्सा

भारतीय इंग्रजी पत्रकारितेत आर्थिक वार्तांकन म्हणजे शेअर बाजार, अर्थसंकल्प व उद्योगविश्व असे समीकरण १९९१ नंतर रूढ होत गेले. या प्रवाहाविरुद्ध जाणारे लेखन म्हणून पी. साईनाथ यांचा उल्लेख आपल्याकडे आदराने होतो. परंतु त्यांच्या लेखनाची चिकित्सा मात्र फारशी होत नाही. ग्रामीण महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या प्रस्तुत लेखकास ही उणीव विशेष जाणवते. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी ज्या घरांतून येतात, त्या घरांविषयीच हे लेखन आहे.

साईनाथ (जन्म १९५७) यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून इतिहासाचे शिक्षण घेऊन १९८० साली वृत्तसंस्थेतून पत्रकारितेस आरंभ केला. पुढे मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात ते 'डेप्युटी एडिटर' या जबाबदारीच्या पदापर्यंत पोहोचले. १९९३ मध्ये मिळालेल्या एका अभ्यासवृत्तीच्या आधारे त्यांनी देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत भ्रमंती केली. त्या वृत्तमालिकेतून १९९६ साली 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे 'द हिंदू'चे ग्रामीण घडामोडी संपादक (२००४ ते २०१४), मॅगसेसे पुरस्कार (२००७) आणि 'पारी' हे ग्रामीण जीवनाचे संग्रहस्थळ (२०१४) हे टप्पे सर्वज्ञात आहेत.

या ग्रंथाचे खरे सामर्थ्य करुणेत आहे असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. दारिद्र्याची वर्णने त्यापूर्वीही होत होती. साईनाथ यांनी 'घटना' आणि 'प्रक्रिया' यांत भेद केला, हे त्यांचे योगदान अधिक मोलाचे आहे. भूकबळी ही घटना वृत्तपत्रास दिसते. भूक ही प्रक्रिया दिसत नाही. कालाहंडीतील पर्जन्यमान तेथील उपासमारीचे समाधानकारक स्पष्टीकरण देत नाही, हे त्यांनी दाखविले. मग दुष्काळ कोणाचा? मदतनिधीवर जगणाऱ्या कंत्राटदारांचा व मध्यस्थांचा, हे त्यांचे उत्तर. पलामूमध्ये दुष्काळनिधीला 'तिसरे पीक' म्हटले जाई, या एका शब्दप्रयोगात संपूर्ण राजकीय अर्थशास्त्र सामावले आहे.

कोरापुट जिल्ह्यातील चिकापार गावाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. हे गाव प्रथम मिग विमानांच्या कारखान्यासाठी उठविले गेले. पुढे अप्पर कोलाब प्रकल्प व नौदलाचे शस्त्रागार यांसाठी पुन्हा. तरीही लोकांनी नव्या ठिकाणी गावाला जुनेच नाव दिले. साईनाथ येथे विशेषणे वापरत नाहीत. नुआपाडातील जर्सी वळूंच्या योजनेचा वृत्तांतही असाच कोरडा, म्हणूनच बोचरा: संकरासाठी स्थानिक वळूंचे खच्चीकरण झाले, दूध मात्र आलेच नाही. हा उपरोध मराठी वाचकास परका वाटू नये.

विदर्भाविषयीच्या लेखनात मात्र ही शैली बदलते. लॅक्मे फॅशन वीकला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार आणि शेतकरी आत्महत्यांचे वार्तांकन करणारे बोटांवर मोजण्याइतके, हा त्यांनी मांडलेला विरोध प्रभावी खराच. परंतु येथून पुढे आकडाच लेखनाचे केंद्र बनतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आधारे त्यांनी १९९५ ते २०११ या काळातील शेतकरी आत्महत्यांची संख्या किमान २,७०,९४० अशी दिली. के. नागराज यांच्या अभ्यासाचे पाठबळ त्यांच्या या मांडणीमागे होते. जमीन नावावर नसल्याने शेतकरी स्त्रिया या गणनेतून निसटतात, हेही त्यांनीच निदर्शनास आणले. विभागाने वर्गवारी बदलल्यावर २०१३ मधील ११,७७२ ही संख्या २०१४ मध्ये ५,६५० वर आली, तेव्हा त्यांनी घेतलेला आक्षेप रास्तच होता. तरीही एकत्रित आकडा वर्षागणिक सांगितला जाऊ लागला की तोच एक 'घटना' होऊन बसतो. प्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हे घडावे, हा विरोधाभास नोंदविणे भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साईनाथ यांची कारणमीमांसा प्रामुख्याने १९९१ नंतरच्या धोरणांवर उभी आहे: शेतीतून शासनाची माघार, आटलेला संस्थात्मक पतपुरवठा, महागलेले बियाणे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपविले, तेव्हा उदारीकरण पाच वर्षे दूर होते. शरद जोशी यांनी त्याही आधीपासून शेतमालाचे भाव पाडणाऱ्या शासकीय हस्तक्षेपाला दोषी धरले होते. हे निदान संपूर्ण स्वीकारावे असे नाही. कोरडवाहू कापूस उत्पादकास खुल्या बाजाराने तारले असते, असे मानण्यास प्रस्तुत लेखकाला तरी आधार दिसत नाही. मात्र महाराष्ट्रात ज्या युक्तिवादाभोवती लाखो शेतकरी संघटित झाले, त्याच्याशी साईनाथ यांनी सविस्तर वाद घालणे अपेक्षित होते. त्यांच्या लेखनात शेतकरी बोलतो तो बहुधा आपल्या दुःखाविषयी. धोरणाविषयीचे त्याचे मत, विशेषतः लेखकाला न पटणारे मत, क्वचितच ऐकू येते.

वर्गात हा ग्रंथ शिकविताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यातला शेतकरी कधी लेखकाशी भांडत का नाही?" त्याच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. ग्रंथ उघडून आम्ही दोघांनी तसा प्रसंग शोधू लागलो आणि तास संपला.