वारीचें वाङ्मय आणि पंढरीची पायरी

मराठी गद्यांत वारीवर लिहिलेलें पुष्कळ आहे. पण त्यांतील बरेंचसें टाळ, पताका आणि गहिंवर यांपलीकडे जात नाहीं. या ढिगांतून दि. बा. मोकाशी यांचें ‘पालखी’ (१९६४) व इरावतीबाई कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख सहज निराळे काढतां येतात. मोकाशी १९६१ सालीं ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालले. माणसांवरून त्यांची नजर ढळत नाहीं, आणि मत देण्याची घाईहि त्यांना नाहीं. हा संयम मोठाच गुण होय.

तथापि आमच्या मतें इरावतीबाईंचा छोटा लेख अधिक खोल जातो. दिंडी एक, भजन एक. पण ब्राह्मणांचा स्वयंपाक निराळा, मराठ्यांचा निराळा. समाजशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या बाईंना यांत नवें कांहीं नव्हतें. तरी तें त्यांना सलतें, आणि तें सलणें त्या झांकीत नाहींत. मराठा बायकांच्या पंक्तीला त्या जेवल्यावर त्या बायका अधिक जवळ आल्या, अशी एक साधी नोंद लेखांत आहे. वारींत सारे समान, असें आपण घरीं बसून मोठ्या समाधानानें म्हणतों; त्या समाधानाला या नोंदीनें तडा जातो. आणि वारकऱ्यांविषयीं बाईंना जिव्हाळा असल्यामुळें हें सांगणें कोठेंहि कडवट होत नाहीं.

मात्र हें दोन्ही लेखन मुळांत वाटेचें आहे. पंढरपूर गांव त्याचा विषय नव्हे. वास्तविक वाटेवरच्या दोन चुलींचा प्रश्न गांवांत थेट देवाच्या दाराशीं जाऊन भिडतो. महाद्वारीं नामदेवांची पायरी, आणि तिच्यासमोर, देवळाबाहेरच, चोखोबांची समाधि. अस्पृश्यांना मंदिर खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं मे १९४७ मध्यें याच गांवीं, तनपुरे महाराजांच्या मठांत, दहा दिवस उपोषण केलें. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ सालचा. त्यावरील तंटा सर्वोच्च न्यायालयांत मिटला तो जानेवारी २०१४ मध्यें! एवढा ऐवज असतां पंढरपूरवर ‘वाटचाल’च्या तोडीचा ललित लेख असूं नये, याचें नवल वाटतें. जो कोणी तो लिहील त्यानें आषाढीच्या गर्दींत जाऊं नये. यात्रा पांगल्यावर, बुक्का, चुरमुरे आणि तुळशीच्या माळा विकणारे आपापला हिशेब करीत बसतात, तेव्हां जावें.