ॲनस्ले घराण्याचा वारसा आणि इंग्रजी कादंबरीकार

हरवलेला वारस परत येतो, कपटी चुलत्याचें बिंग फुटतें आणि वडिलार्जित वाडा ज्याचा त्याला मिळतो, ही कथा इंग्रजी कादंबरीनें इतक्या वेळां सांगितली आहे कीं, तिला कोठें मूळ असेल याचाच वाचकाला विसर पडावा. तिच्या मुळांपैकीं एक आयर्लंडमध्यें सांपडतें. आणि तें मूळ त्याला आलेल्या फळांहून पुष्कळच कडू आहे.

आर्थर ॲनस्ले हा आयर्लंडांतील आल्थमचा चौथा बॅरन. पद लहानच, पण तें धारण करणारा पुरुष आयर्लंडांतील व्हॅलेन्शियाच्या व्हायकाउंटपदाचा व इंग्लंडांतील अँगलसीच्या अर्लपदाचाहि संभाव्य वारस असल्यामुळें त्याला पुत्र आहे कीं नाहीं, या प्रश्नाला मोठें मोल आलें होतें. १७१५ सालीं त्याच्या घरीं जेम्स हा मुलगा जन्मला. जन्मला एवढें खरें. वाद इतकाच कीं, तो लेडी आल्थमच्या पोटचा, कीं स्वयंपाकघरांत राबणाऱ्या जगी लँडीच्या? १७२७ सालीं बाप वारला. चुलता रिचर्ड यानें पद बळकावलें आणि दुसऱ्याच वर्षीं पुतण्याला जहाजावर चढवून अमेरिकेस धाडलें. तेथें डेलावेअरच्या बाजूस विकलेल्या चाकराच्या स्थितींत जेम्सनें सुमारें बारा वर्षें काढलीं. १७४० सालीं तो निसटून जमैकास पोंचला, ॲडमिरल व्हर्ननच्या आरमारांत शिरला आणि पुढच्या वर्षीं इंग्लंडास परतला. इकडे १७३७ पासून रिचर्ड अँगलसीचाहि अर्ल होऊन बसला होता.

१७४३ च्या नोव्हेंबरांत डब्लिन येथें चाललेला खटला पंधरा दिवस चालला. बाईसाहेब डनमेनच्या वाड्यांत गरोदर होत्या, हें शपथेवर सांगणारे नोकर एका बाजूस. त्या कधींच गरोदर नव्हत्या, हें तितक्याच शपथेवर सांगणारे दुसऱ्या बाजूस! जेम्सच्या हातून बंदूक उडून एक माणूस मेला होता. त्या खुनाच्या आरोपांतून तो निर्दोष सुटला, पण त्याला फांसावर चढविण्यासाठीं रिचर्ड दहा हजार पौंड खर्चावयास तयार होता, असें रिचर्डच्याच वकिलानें, गिफर्डनें, सांगितलें. पक्षकाराचें गुपित म्हणून ही साक्ष दाबतां येईना, आणि पुराव्याच्या कायद्याच्या ग्रंथांत तो प्रसंग कायमचा जाऊन बसला. पंचांनीं जेम्सच्या बाजूनें कौल दिला. पण अपिलांचें लचांड संपेना व पैसा पुरेना. लेडी आल्थमची दासी मेरी हीथ हिच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, तर तीहि निर्दोष सुटली! १७६० सालीं जेम्स पदाविनाच वारला. रिचर्ड पदासह त्याच्या मागून एका वर्षानें गेला.

कादंबरीकारांनीं या प्रकरणाचें काय केलें? स्मॉलेटनें १७५१ सालीं ‘पेरेग्रिन पिकल’मध्यें तें जवळजवळ जसेंच्या तसें घातलें. पण जेम्स तेव्हां हयात होता, त्यामुळें तो भाग कथा न होतां पक्षकाराची कैफियत झाला आहे. चार्ल्स रीडनें १८७२ सालीं ‘द वाँडरिंग हेअर’मध्यें सगळें प्रकरणच उचललें. स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’शीं (१८१५) त्याचें साम्य अनेकांनीं दाखविलें आहे, परंतु आमच्या मतें तें वरवरचें आहे. स्कॉटचा हॅरी बर्ट्रम हा कोण, एवढेंच ठरावयाचें असतें. तो औरस आहे याविषयीं कोणालाहि शंका नाहीं. डब्लिनचा पेंच अगदीं उलटा होता. हा तोच मुलगा, हें सिद्ध करणें तेथें फार अवघड नव्हतें; तो कोणत्या आईचा, येथें सगळें अडलें होतें. तोतयाची ओळख पटवितां येते किंवा मोडतां येते. अंतःपुरांत अठ्ठावीस वर्षांपूर्वीं काय घडलें, तें कोण सांगणार? हा खरा करुण भाग स्कॉटसारख्या समर्थ लेखकाच्या कथेंतहि उतरला नाहीं.

स्टीव्हन्सनचें ‘किडनॅप्ड’ (१८८६) मात्र आम्हांस अधिक शहाणें वाटतें. तेथें चुलता एबेनेझर वाड्यांतच राहतो, आणि उत्पन्नाचे दोनतृतीयांश डेव्हिडला देण्याची तडजोड होते. घरांतील कज्जे कोर्टांत नेऊं नयेत, हें तेथला वकील जाणतो. डब्लिनचा धडा ज्याला उमगला, असा हा एकच लेखक.

पण दैवाचा टोला कोणाहि कादंबरीकारापेक्षां कठोर ठरला. रिचर्डनंतर त्याचा मुलगा आर्थर पुढें आला आणि पुतण्यावर उगारलेलें शस्त्र पोटच्या पोरावर उलटलें : त्याच्या आईचा विवाह कायदेशीर कीं नाहीं? आयर्लंडच्या लॉर्डसभेनें तो ग्राह्य धरून त्याला व्हायकाउंट व्हॅलेन्शिया मानलें. इंग्लंडच्या लॉर्डसभेनें १७७१ सालीं अर्लपद नाकारलें. एकच मनुष्य समुद्राच्या एका तीरावर औरस, तर दुसऱ्या तीरावर अनौरस! १७९३ सालीं त्याला आयर्लंडचें माउंटनॉरिसचें अर्लपद मिळालें, ही त्यांतल्या त्यांत भरपाई. त्याचाच मुलगा जॉर्ज, लॉर्ड व्हॅलेन्शिया, पुण्यास येऊन दुसऱ्या बाजीरावाला भेटला होता. १८०९ सालीं निघालेलें त्याचें प्रवासवर्णन पेशवाईच्या अभ्यासकांस परिचित आहे. तो १८४४ सालीं वारला तेव्हां त्याचा एकहि मुलगा हयात नव्हता. माउंटनॉरिसचें अर्लपद तेथेंच लोपलें, आणि व्हॅलेन्शियाचें पद ऑक्सफर्डशायरमधील ब्लेचिंग्डन येथील दूरच्या शाखेकडे गेलें.