जिमी स्मिथचं वीस मिनिटांचं प्रवचन

उमेळ्यात काय किंवा वसईच्या कुठल्याही ख्रिस्ती गावात काय, ऑर्गन म्हटलं की रविवारची मिस्सा आलीच. गायनवृंद डगमगला तर सावरायचं, भाविकांचा सूर उतरला तर उचलून धरायचा, स्वतः मिरवायचं नाही, हे तिथल्या ऑर्गनचं काम. या सवयीच्या कानांना जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथची ‘द सर्मन’ ही तबकडी आधी उनाड वाटते, मग ओळखीची.

हॅमंड ऑर्गन 1930च्या दशकात बाजारात आला आणि पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चमध्ये भराभर पोचला. त्याला जॅझ क्लबात मानाची जागा मिळाली ती स्मिथमुळे. तबकडीचं नाव असलेली रचना 25 फेब्रुवारी 1958 रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन टॉवर्समध्ये ध्वनिमुद्रित झाली, आणि ‘ब्लू नोट’ या रेकॉर्ड कंपनीने तिला एलपीची अख्खी बाजू दिली. आहे साधा ब्ल्यूज: अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन, पुन्हा पुन्हा, वीस मिनिटं.

हॅमंडची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. लहानमोठेपणा उजव्या पायाखालच्या पेडलवर. पट्टी दाबताना उमटणारा बारीक ‘टक्’ कारखान्याच्या लेखी दोष होता. स्मिथ त्याच दोषावर जगतो. त्या ‘टक्’मुळे प्रत्येक सुराला व्यंजन मिळतं आणि तान बोलू लागते. एखादं छोटं वाक्य तो परत म्हणतो, थोडं मोडून पुन्हा म्हणतो. प्रवचनकार श्रोत्यांकडून ‘आमेन’ येईपर्यंत थांबतो, तसं.

मला मात्र त्याच्या सोलोपेक्षा नंतरचा भाग मोठा वाटतो. केनी बरेलची गिटार, टीना ब्रुक्स आणि लू डोनाल्डसनचे सॅक्सोफोन, अवघ्या एकोणीस वर्षांच्या ली मॉर्गनचा ट्रम्पेट असे एकेक जण पुढे येतात आणि स्मिथ मागे सरकतो. इथे बेसवादकच नाही. तेही काम ऑर्गनवर स्मिथच करतो, आणि आर्ट ब्लेकीच्या ड्रमला चिकटून चालतो. मॉर्गन उसळला की खालून सूर दाटतात, तो दम घ्यायला थांबला की एखादाच टोला. आपल्या गायनवृंदाचा वादक हेच करतो.

दुसऱ्या बाजूचं, आधीच्या वर्षी मुद्रित झालेलं ‘जे. ओ. एस.’ वेगवान आहे, पण मला ते कसरतीकडे झुकलेलं वाटतं. ‘फ्लेमिंगो’ गोड आहे, एवढंच.

स्मिथच्या वाटेवर जॅक मॅकडफ, जिमी मॅकग्रिफ असे कितीतरी आले. पुढे त्याच्याच 1972च्या ‘रूट डाउन’चा तुकडा बीस्टी बॉइजनी 1994मध्ये आपल्या रॅपखाली घातला. वेग आणि ठेका पुष्कळांनी उचलला. सोलो संपल्यावर मागे सरकून वीस मिनिटं तोलून धरणं त्या मानाने फार थोड्यांनी.